निवेदक क्रमांक सात

आईचं वर्णन त्या पुस्तकात साडेतीन ओळींत आहे. ‘निवेदक क्र. ७ : वय सुमारे चाळीस, विधवा, एक मुलगी. देवळामागच्या आळीत राहते. मोगरा आणि अबोली लावते, गजरे करून स्टेशनबाहेर विकते. उजव्या हाताचे करंगळीलगतचे बोट पंपाच्या पट्ट्यात गेलेले आहे, तरी गजरा बांधण्याचा तिचा वेग पाहण्यासारखा आहे.’ नाव नाही. ज्याच्याशी बोलून माहिती घेतली त्या निवेदकाचं नाव छापायचं नाही, हा समाजशास्त्राचा नियम आहे आणि पुस्तक लिहिणाऱ्या सरांनी तो पाळला होता.

त्या बोटाची बाई आमच्या निर्मळ गावात एकच होती.

वर्णन चांगलं आहे, हे मला मान्य करावं लागतं. आईचा वेग खरंच पाहण्यासारखा होता. कुणीतरी तो पाहिला, लिहून ठेवला, आणि त्याच ओळीने तिला गावात उघडं पाडलं. वाईट लिहिलं असतं तर मी कदाचित विसरले असते.

सर आमच्याकडे यायला लागले तेव्हा मी आठवीत होते. पांढरी स्कूटर, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वह्या. वसईच्या वाड्यांचं पाणी हा त्यांचा विषय होता. आमच्याकडे वाड्या बावखलांवर जगतात. बावखल म्हणजे वाडीतलं उघडं, खोल तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, त्यावर पंप बसवून चार-पाच घरं आपापली केळी-फुलं शिंपतात. आमचं बावखल आमचं आणि थोरल्या काकांचं सामाईक होतं. बाबा गेल्यावर कागदावर आईचा हक्क राहिला, बोलण्यात राहिला नाही.

सर आले की आई पदराने खुर्ची पुसायची. ती खुर्ची एरवी कपडे ठेवायच्या कामाची. मग ताटलीत सुकेळी, उन्हात वाळवलेली घरची केळी. सर म्हणायचे, “वहिनी, हे असं सुकेळं मला शहरात शोधूनही मिळत नाही,” आणि पानात बांधून घेऊनही जायचे. चहात साखर घ्यायचे नाहीत. आई खाली बसून कळ्या ओवायची आणि बोलायची. मला तेव्हा नवल वाटायचं, की आईकडे एवढं बोलायला आहे. बाबा गेल्यापासून तिचं मत कुणी विचारलंच नव्हतं. आता एक शिकलेला माणूस तिच्यासमोर बसून तिचं वाक्य वहीत उतरवून घेत होता, मधेच थांबवून “पुन्हा सांगा वहिनी” म्हणत होता. घरी ती आमच्या बोलीत बोलायची. सरांशी मात्र शाळेतलं मराठी, जपून जपून, नव्या साडीत चालल्यासारखं.

अशाच एका दुपारी तिने सांगितलं, की काका बावखलाच्या दक्षिणेकडे थोडा थोडा डबर टाकून घेताहेत. आज एक टेम्पो, पंधरा दिवसांनी आणखी एक. पाणी मागे सरकतं आहे. जागा मोकळी झाली की ती इमारतीसाठी द्यायचं ठरलं आहे, आणि त्या कागदावर तिची सही आहे असं त्यांनी लोकांना सांगितलं आहे. तिने सही केलेली नव्हती.

मी अकरावीत असताना पुस्तक आलं. सरांनी गावच्या वाचनालयाला एक प्रत दिली, पहिल्या पानावर ‘गावकऱ्यांना कृतज्ञतापूर्वक’ असं लिहून. काकांनी ती घरी नेली. डबराबद्दलचं आईचं बोलणं छापलेलं पान दुमडून ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवलं. “ऐका, ऐका, सात नंबर काय म्हणते.” आठवड्याच्या आत गावात आईचं नाव सात नंबर झालं. भाजीवाली म्हणायची, “सात नंबरला मेथी दे गं आधी, नाहीतर पुस्तकात लिहील.” लोक हसायचे. आईसुद्धा पहिल्यांदा हसली होती.

मग काकांनी सामाईक पंपाला कुलूप घातलं. मोगऱ्याला उन्हाळ्यातच पाणी लागतं आणि उन्हाळ्यातच कळी येते. मी आणि आई बादल्या आणत राहिलो. दुसऱ्या वर्षी झाडं सरपणाला गेली. आई बाजारातून कळ्या विकत घेऊन गजरे करू लागली. तिसऱ्या वर्षी बावखल पूर्ण बुजलं.

पण तिला लागलं ते दुसरंच. आमच्याकडे लग्नाला पत्रिका पुरत नाही. घरची बाई दारोदार जाऊन, उंबऱ्यात हळदकुंकवाचं बोट टेकवून, तोंडाने आवतण देते. विधवेच्या कपाळाला नाही, पण उंबऱ्याला ते बोट लागतंच. आवतण देणारी बाई आमच्या शेजारच्या उंबऱ्यावरून निघायची आणि आमचा ओलांडून पुढच्या घरी जायची. आई त्या वेळी मुद्दाम बाहेर कळ्या घेऊन बसायची, आपण दिसत नाही म्हणून राहून गेलो असं व्हायला नको म्हणून. सहा लग्नसराया ती तशी बसली.

“सरांमुळे झालं हे,” मी म्हणायचे.

“सरांचं काय चुकलं? तोंड माझं. मी बोलले, त्यांनी लिहिलं.”

“तू नाव नको म्हणाली असशील ना?”

“नाव कुठे लिहिलंय त्यांनी?” ती म्हणायची, आणि विषय बदलायची. हा विषय ती नेहमी इथेच बदलायची. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

समाजशास्त्र का घेतलं असं कुणी विचारलं तर मी आवड होती म्हणून सांगते. खरं हे आहे, की सर त्या कॉलेजात शिकवत होते आणि मला त्यांच्या जवळ बसायचं होतं. काय करायचं ते ठरलं नव्हतं. आईला मात्र आनंद झाला. “सरांकडे शिकतेस? माझा नमस्कार सांग त्यांना.” मी सांगितला नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा जवळ आली असताना, चैत्रात, आई कळ्या ओवता ओवता बाजूला कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सूत तिच्या हातात तसंच होतं. तो नमस्कार अजून माझ्याकडेच आहे.

सरांनी मला ओळखलं नव्हतं. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाचं गाव विचारलं होतं.

“निर्मळ? अरे वा, म्हणजे आमच्याच. दोन वर्षं तिथलं पाणी प्यालोय मी. कोणत्या आळीत?”

“तळ्याकडे,” मी म्हटलं. ते खोटं होतं.

“तळ्याकडचे लोक कमी बोलतात,” सर वर्गाला म्हणाले. “देवळामागचे मोकळे. तिथे मला फार सुंदर माणसं भेटली.”

मी ते वहीत लिहून घेतलं. मी त्यांचं सगळंच लिहून घेत असे. संशोधनाच्या नीतीवर त्यांनी घेतलेले दोन तास माझ्याकडे शब्दशः आहेत. ‘निवेदकाला आपल्यामुळे इजा होता कामा नये. आपण निघून येतो, तो तिथेच राहतो.’ हे म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. बोलता बोलता थांबले की घड्याळाची काच अंगठ्याने पुसायची त्यांना सवय होती. मी तेही लिहून ठेवलं. का, ते तेव्हा माहीत नव्हतं.

ते कळलं वालीवला. प्रत्यक्ष क्षेत्रकामासाठी आम्हा चौघांना तिथल्या एका छोट्या कारखान्यात पाठवलं होतं. स्टीलची भांडी चकचकीत करायचं काम. प्रश्नावली भरून घ्यायची, नाव लिहायचं नाही, क्रमांक द्यायचा. माझ्याबरोबर विरारची एक मैत्रीण होती, फ्लॅटमध्ये वाढलेली, बडबडी. ती पॉलिशच्या मशीनवरच्या माणसाला म्हणाली, “भैया, टेन्शन मत लो, नाम नहीं आएगा. सिर्फ लिखेंगे, पॉलिश मशीन पे काम करनेवाला, उमर पचपन.”

तो हसला. काळ्या तोंडावर दात तेवढे दिसले. “मॅडम, नाम लिख दो. मेरे नाम के यहाँ चार आदमी हैं. पचपन का पॉलिशवाला मैं अकेला हूँ.”

मैत्रीण म्हणाली, “बाप रे, ह्यांनाच लेक्चर द्यायला बोलवूया.” सगळे हसले. मी हसले नाही. नाव लपवतं आणि तपशील उघडा पाडतो, हे सरांनी मला दोन तासांत शिकवलं नव्हतं ते त्या माणसाने एका वाक्यात शिकवलं. आम्ही त्याचं वय आणि मशीन खोडलं. आणि परत येताना रिक्षात मला समजलं की मला काय करायचं आहे.

दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी विषय दिला : जुन्या अभ्यासातल्या निवेदकांना पुन्हा भेटणं, त्यांचं छापलेलं बोलणं त्यांना वाचून दाखवणं, आणि त्यानंतर त्यांचं काय झालं ते नोंदवणं. सरांचा चेहरा उजळला.

“कुणाचा अभ्यास घेणार?”

“तुमचा, सर. निर्मळचा.”

“हे मला सुचायला हवं होतं,” ते म्हणाले. खरंच खूश झाले होते. आपल्या पुस्तकाकडे कुणी परत गेलं की लिहिणारा इतका भोळा होतो, हे मी तेव्हा पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी एक कापडी फीत बांधलेलं बाड माझ्यासमोर ठेवलं. क्षेत्रकामाच्या मूळ वह्या, आणि एका कागदावर क्रमांकासमोर नावं. “हा कागद कुणाला दाखवायचा नाही. आणि तुला कसं देतोय हेही विचारू नको.”

सात आकड्यासमोर आईचं पूर्ण नाव होतं, बाबांच्या नावासकट, एकही चूक नसलेलं. ती गेल्यापासून तिचं नाव मी फक्त मृत्यूच्या दाखल्यावर पाहिलं होतं. ग्रंथालयात मी तो कागद पालथा घातला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मग वही उघडली. बावखल, डबर, टेम्पो, खोटी सही, सगळं तारखेनिशी. आणि समासात, सरांच्याच बारीक अक्षरात, एक ओळ : ‘हे छापू नका म्हणाली.’

आई बोलली होती. आई नको म्हणाली होती. ती सहा वर्षं ‘तोंड माझं’ म्हणत राहिली, कारण आपण नको म्हटलेलं एका माणसाने ऐकूनही छापलं, हे मुलीला सांगायची तिला लाज वाटली असावी. किंवा त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाबद्दल तिला एवढं वाईट बोलायचं नसावं. मला ते कधीच कळणार नाही. तोवर माझ्या मनात राग होता. त्या दिवसापासून काम होतं.

मी त्या वहीतल्या सगळ्या माणसांना भेटले. काही गेले होते, काहींना सर आठवत होते, एकाने आपलं वाक्य ऐकून “मी इतका हुशार होतो?” असं विचारलं. शेवटी काकूंकडे गेले. सहा वर्षांत त्यांच्या ओटीवर मी पाय ठेवला नव्हता. काका बाहेर गेले होते. त्या काय बोलल्या ते आमच्या बोलीत होतं, मी सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे. सरांनीही असंच केलं होतं, हे मला माहीत आहे.

“काय गं, आता तू वही घेऊन फिरतेस? आईचा नंबर सात, तुझा किती?”

“मी नंबर देणारी आहे, काकू.”

“बस मग. खुर्ची पुसू का तुझ्यासाठी?”

“नको. मी जमिनीवर बसते.”

त्या नारळाची झावळी सोलत होत्या. झाडूचे हीर काढायचं त्यांचं काम थांबलं नाही. मी पुस्तकातलं ते पान वाचायला घेतलं तर म्हणाल्या, “वाचू नकोस. पाठ आहे मला.” आणि म्हणून दाखवलं, स्वल्पविरामासकट. मग हीर खाली ठेवले आणि पंपाच्या कुलपाबद्दल एक गोष्ट सांगितली. ती मला आजवर कुणी सांगितली नव्हती. माझ्या प्रबंधात तेवढी एक गोष्ट असती तर बाकीचं काही लागलं नसतं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “हे मात्र लिहू नकोस हां.”

मी पेन बंद केलं. घरी येऊन वही उघडली तेव्हा हात शिवशिवत होता. ते मी लिहिलं नाही. प्रबंधात नाही, वहीच्या समासातही नाही, आणि इथेही लिहिणार नाही. काकूंवर माया होती म्हणून नव्हे. सरांना जे जमलं नाही ते मला जमतं, एवढं मला स्वतःला दाखवायचं होतं.

तोंडी परीक्षेला विभागाचा छोटा हॉल होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, सर, विभागातले दोन शिक्षक, आणि मागे आमचा वर्ग. मी प्रबंधातली एकच तीन ओळींची नोंद वाचली. ‘संशोधक क्र. १ : वय पन्नाशीच्या पुढे. पांढऱ्या स्कूटरने क्षेत्रात येतो. चहात साखर घेत नाही, सुकेळी आवडीने घेतो. बोलता बोलता थांबला की घड्याळाची काच अंगठ्याने पुसतो.’

मागे कुणीतरी खुदकन हसलं. विरारची मैत्रीण असावी. मग सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा घड्याळावर होता. त्यांनी तो उचलला आणि कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मला त्या क्षणी जे वाटलं ते सुखच होतं, दुसरं काही नाव मी त्याला देणार नाही.

परीक्षक बाईंनी चष्मा खाली घेतला. “पण ह्या संशोधकाची ओळख तुम्ही पुरेशी लपवली आहे असं वाटतं तुम्हाला?”

“पुस्तकात निवेदक सातची लपवली आहे तितकीच,” मी म्हटलं, आणि आईच्या साडेतीन ओळी वाचल्या. मग समासातली ओळ. मग मोगरा, कुलूप, उंबरा. आवाज चढवला नाही. शेवटी म्हटलं, “निवेदक सात ही माझी आई. गेल्या चैत्रात वारली.”

 “वही माझीच आहे,” सर म्हणाले. “अक्षर माझं आहे. मला वाटलं, त्या भीतीपोटी नको म्हणताहेत. आणि बावखलं बुजवताहेत ही गोष्ट बाहेर यायलाच हवी होती.”

“आली ना बाहेर,” मी म्हटलं. “बावखल तरी बुजलंच, सर.”

परीक्षक बाई काही लिहीत होत्या. 

मला वाटलं होतं, ते मला पाडतील. पाडलं असतं तर बरं झालं असतं. निकाल लागला तेव्हा प्रबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. माझा सूडसुद्धा त्यांनी तपासला आणि शेरा मारून परत दिला, असं मला वाटलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी फाटकाशी स्कूटर वाजली. सर देवळामागच्या आळीत, बरोबर दारात. मला पाहून म्हणाले, “तळ्याकडे नव्हतं घर.” मी त्यांना खुर्ची दाखवली. तिच्यावर कपडे होते. ते त्यांनीच उचलून बाजूला ठेवले आणि बसले. मी चहा केला, त्यात दोन चमचे साखर घातली. त्यांनी तो निमूट प्यायला.

“पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे,” ते म्हणाले. “तुझा प्रबंध परिशिष्ट म्हणून छापावा असं मला वाटतं. पूर्ण. मला वगळायचं नाही काही.” मग पिशवीतून एक कागद काढला. “तुझी सही लागेल. आता प्रकाशक संमतीपत्राशिवाय हात लावत नाहीत.”

“आईची घेतली होती?”

“नाही. तेव्हा पद्धत नव्हती.”

“ठेवून जा.”

निघताना ते बाबांच्या आणि आईच्या फोटोसमोर थांबले. हात जोडले की नाही ते मी पाहिलं नाही. मी कप उचलत होते.

संमतीपत्र चांगलं लिहिलेलं आहे. ‘मला अभ्यासाची पुरेशी कल्पना देण्यात आली आहे. मी कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता, माघार घेऊ शकते.’ मी ते रोज वाचते. कोणतेही कारण न देता. आईसमोर कुणी हे वाक्य वाचलं असतं तर तिने ते दोनदा वाचायला लावलं असतं.

सर आठवड्याला एकदा फोन करतात. पहिल्यांदा मी म्हटलं, विचार करते आहे. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “तुला काही बदल हवा आहे का?”

“एक ओळ,” मी म्हटलं. “परिशिष्टात नको. परिशिष्ट कोण वाचतं? तुमच्या मजकुरात, निवेदक क्रमांक सातच्या वर्णनाखाली, तुमच्या शब्दांत. ती छापू नका म्हणाली होती आणि मी छापलं, एवढीच. ती आली की मी सही करते.”



“मुख्य मजकुरात,” ते म्हणाले.

“हो. आणि वाचनालयाला एक प्रत द्यायची. मागच्यासारखी.”

“मला विचार करावा लागेल.”

“करा, सर. घाई नाही.”

ही गोष्ट दिवाळीआधीची. आता तुळशीची लग्नं होऊन लग्नसराई लागली आहे. काल शेजारच्या घरी आवतण आलं, ती बाई आमच्या फाटकाजवळ क्षणभर रेंगाळली आणि पुढे गेली. मी बाहेरच बसले होते. मांडीवर संमतीपत्र होतं, खाली सहीची जागा कोरी. दुसरी आवृत्ती अजून आलेली नाही. मी ह्या लेखात कुणाचं नाव घेतलेलं नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.